थर्माकोलचा चुरमुरा

कोळवणच्या पुढं एसटी जिथं वळून परत फिरते, तिथून खाली नदीला उतरलं की वाघजाईचा डोह लागतो. त्या डोहातले खडस मासे एवढाले, एवढाले, की एकदा नथूची म्हैस पाणी प्यायला उतरली, एका खडसानं नुसतं शेपूट हलवलं, तर म्हैस थेट पलीकडच्या काठावर जाऊन उभी राहिली. अजून तिकडंच चरते म्हणतात. नथू आता हयात नाही, त्यामुळं खरंखोटं विचारायची सोय राहिली नाही.

म्हशीचं सोडा. रेश्मानं मात्र ते मासे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेले. पाच वर्षांपूर्वी ती सारजाबाईची सून होऊन वाडीत आली, तेव्हापासून दर सोमवारी सासूच्या मागं चुरमुऱ्याची पिशवी घेऊन डोहावर जायची. मूठभर चुरमुरे फेकले की पाण्याखालून सोनेरी पाठी वर यायच्या, ताटाएवढ्या तोंडांनी चपाचपा खायच्या. देवीचे मासे. त्यांना कुणी हात लावत नाही. डोहाच्या खालच्या तोंडाशी एक शेंदरी दगड आहे, ती देवीची हद्द. दगडाच्या वर गळ टाकायचा नाही. दगडाच्या खाली नदी सगळ्यांची.

आणि त्या सोमवारी रेश्माला दगडाच्या खालीच, दुपारी बाराच्या आत, एक खडस हातात धरायचा होता. नाही धरला तर मंगळवारपासून पहाटे पाचची जीप.

त्याचं असं झालं. रेश्माचा नवरा जयसिंग मारुंजीला टेम्पो चालवायचा, रविवारी तेवढा घरी यायचा. रेश्मालाही तिकडंच, जांब्यात काम चालून आलं होतं. आयटीवाल्या पोरांची मेस, दोन वेळच्या दोनशे पोळ्या. पहाटे पाचला निघायचं, रात्री आठ-नवाला परत. म्हणजे चार वर्षांची जुईली झोपेत असताना घर सोडायचं आणि ती झोपल्यावर घरात शिरायचं. मेसवाल्या नलिनीताईंनी निरोप दिला होता, "सोमवारी बारापर्यंत हो की नाही ते कळव, नाहीतर दुसरी बाई बघते."

दुसरं काम घराच्या पायरीशी होतं, पण ते मिळायचं होतं. वाडीच्या वर विश्रामसाहेबांचं फार्महाऊस. साहेब कंपनीतून रिटायर झालेले, आणि त्यांना एकच वेड, पिसाच्या माशीनं मासे धरायचं. लांब लवचिक काठी, तिला जाड दोरी, दोरीच्या टोकाला गळ, आणि गळाला पिसं-केस गुंडाळून केलेली खोटी माशी. त्या माशीला वजन कसलं? शिंकलं तर उडून जाईल. म्हणून दोरीच हवेत पुढं-मागं झुलवायची आणि माशी अलगद पाण्यावर टेकवायची. आता साहेब पुण्यामुंबईची माणसं हौसेनं मासे धरायला आणणार होते. त्यांच्याबरोबर नदीवर फिरायला इथलं माणूस पाहिजे होतं. साहेबांची अट सोपी होती: पिसाच्या माशीनं, उलटा काटा नसलेल्या गळानं, जो पहिला खडस हातात धरून जिवंत परत पाण्यात सोडेल, त्याला काम.

उमेदवार दोघंच. एक रेश्मा, जी साहेबांकडं झाडलोट करताना हे सगळं बघून बघून शिकली होती. दुसरा तिचा चुलतदीर इंद्रजित. त्याला गॉगल होता, बूट होते, छातीपर्यंत येणारी रबरी विजार होती. मासा तेवढा नव्हता.

"वहिनी," सोमवारी सकाळी नदीवर तो म्हणाला, "साडीचा पदर गळात अडकंल बघा. पोळ्या लाटायला काय वाईट हाय?"

"भाऊजी, तुमची माशी उंबरावर बसलीया आधी ती उतरवा," रेश्मा म्हणाली.

खरंच उंबराच्या फांदीला इंद्रजितची तिसरी माशी लटकत होती. त्याची गत अशी की काठी मागं नेली की लगेच पुढं हाणायचा. दोरी मागं सुटायच्या आतच पुढं ओढली जायची, आणि झाडात. रेश्माला ते कुणी शिकवावं लागलं नव्हतं. भात झोडताना पेंढी मागं नेली की क्षणभर थांबायचं असतं. लोंब्या मागं सरळ होऊ द्यायच्या, मग खाली आणायची. दोरीचंही तेच. साहेबांनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते चहा प्यायचे विसरले होते.

पण झोडणी येऊन काय उपयोग? मासा माशी घेईना. आठ दिवस झाले. साहेबांच्या डबीतल्या तपकिरी माश्या झाल्या, हिरव्या झाल्या, एक तर अशी केसाळ होती की सारजाबाई म्हणाली, "ही माशी न्हाई, ही माझी नणंद हाय." खडस यायचे, बघायचे, आणि हॉटेलातलं कार्ड वाचून न खाता उठून जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखे निघून जायचे.

"पाण्याची वाट बघा," विश्रामसाहेब काठावरच्या खुर्चीतून म्हणाले. "भरती आली की ते खातात."

"सायेब, समिंदर तिकडं कोकणात ऱ्हायला," सारजाबाई म्हणाली. "हितं कसली भरती?"

पण होती खरी एक भरती. वरच्या धरणाचं वीजघर रोज नवाला चालू व्हायचं. भोंगा वाजायचा, आणि अर्ध्या तासात पाणी इथं पोचायचं. आधी घोट्याएवढं वाढायचं, मग गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं. दुपारनंतर उतरायचं. ते पाणी चढायची वेळ झाली की डोहातले खडस दगडाच्या खाली येऊन तोंड वर करून उभे राहायचे, पंगतीत बसल्यासारखे. पाणी कमरेला यायच्या आत माणसानं मात्र काठावर चढायचं. म्हणजे मासा धरायला दिवसात जेमतेम तासभर.

पावणेनऊ झाले होते. वर डोहावर घंटा वाजली. वाघजाईचा गुरव कुशाबा पूजा आटपून चुरमुरे फेकत होता. सोमवार होता ना. त्याच्या मागं वाडीतल्या चार बायकांनीही मुठी रिकाम्या केल्या. डोहात चपाचप सुरू झाली, आणि जे चुरमुरे माशांच्या तोंडातून सुटले ते शेंदरी दगडावरून खाली वाहत आले.

रेश्मा घोटाभर पाण्यात उभी होती. तिची केसाळ माशी पाण्यावर तरंगत चालली होती. तिच्या शेजारून, वीतभर अंतरावरून, एक पांढरा चुरमुरा चालला होता. खालून एक सावली वर आली. मोठी. सावलीनं माशीकडं बघितलं, तोंड फिरवलं, आणि चुरमुरा गट्ट केला.

रेश्मा गर्रकन काठाकडं वळली.

"आत्या!" ती ओरडली. "आत्या, ह्यांनी जन्मात माशी खाल्लीच न्हाई! हे चुरमुऱ्यावर वाढल्यालं मासं हायेत!"

"मग लाव की चुरमुरा गळाला," सारजाबाई म्हणाली.

"खरा चुरमुरा चालणार नाही हं," विश्रामसाहेब खुर्चीतूनच म्हणाले. "खाण्याचं काही लावायचं नाही. बनवलेलीच माशी पाहिजे."

"बनवलेला चुरमुरा चालंल?" रेश्मानं विचारलं.

साहेबांनी दाढी खाजवली. "बनवलेलं काहीही चालेल."

झालं. रेश्मा काठी सासूच्या हातात देऊन काठावर पळाली. घाणेरीच्या झुडपात मागच्या भंडाऱ्याची थर्माकोलची ताटली अडकून पडली होती, तिचा कोपरा तिनं मोडला. दातानं कुरतडला, नखानं कोरला, चुरमुऱ्याएवढा, चुरमुऱ्यासारखा मधे फुगीर. पण गळाला बांधायचं कशानं? निर्माल्याच्या टोपलीत कालचा हार होता. त्यातली सुकलेली झेंडूची फुलं तिनं भराभर ओढून काढली आणि त्या पांढऱ्या दोऱ्यानं चुरमुरा गळाला बांधला. त्याआधी गळावरच्या केसाळ माशीची पिसं साहेबांच्या कात्रीनं सफाचट झाली होती.

"अरे देवा," विश्रामसाहेब म्हणाले. "ती माशी मी नॉर्वेहून आणली होती."

"पोचली की कोळवणला," सारजाबाई म्हणाली. "आता गप बसा."

तेवढ्यात वरनं भोंगा वाजला. लांब, भसाडा. नऊ.

इंद्रजितनं ऐकलं होतं सगळं. त्यानंही ताटलीचा तुकडा मोडला, पण तो एवढा मोठा बांधला की फेकला तेव्हा वाऱ्यानं उलटा फिरून त्याच्याच गॉगलवर बसला.

रेश्मा पाण्यात उतरली. पदर खोचला. काठी मागं नेली, थांबली. दोरी मागं हवेत सरळ झाली तशी पुढं आणली. थर्माकोलचा चुरमुरा खऱ्या चुरमुऱ्यांच्या मधोमध टेकला. एवढा अलगद, की वाटावं कुशाबाच्या मुठीतनंच सुटला. एक हात वाहिला. दोन हात वाहिला. शेजारचा खरा चुरमुरा गेला. पलीकडचा गेला.

मग पाण्याला भोक पडलं. चुरमुरा नव्हता.

"लागला!" रेश्मा किंचाळली.

काठी अशी वाकली की टोक पाण्यात गेलं. काठीचं रीळ करकरायला लागलं, शिवणाच्या मशीनसारखं. मग मशीन कुणी पिसाळून चालवल्यासारखं. मासा आधी खाली पळाला, तशी रेश्मा खाली पळाली. मासा पलीकडं गेला, तशी ती मांडीभर पाण्यात गेली. एकदा तो उडाला. सगळ्यांनी बघितलं. सोन्याचं सूप हवेत उलटं व्हावं तसा. विश्रामसाहेब खुर्चीसकट उठले म्हणतात. खुर्ची मागं चिकटून आली होती का, ते बायका अजून भांडून ठरवतात.

"दोरी द्या त्याला, दोरी द्या!" साहेब ओरडत होते. "ओढू नका!"

"ओढ गं, ओढ!" सारजाबाई ओरडत होती.

रेश्मा कुणाचंच ऐकत नव्हती. तिच्या बोटांना कळत होतं. तो ओढायला लागला की सोडायचं, तो थांबला की गुंडाळायचं. दहा मिनिटं झाली. दंड भरून आले. मासा दमत आला होता, बाजूवर झुकत होता. अजून पाच मिनिटं, फार तर पाच.

आणि त्याच घटकेला चढत्या पाण्याची पहिली लाट आली. गार, गढूळ. माशाला जोर चढला. तो वळला, तोंड वरच्या बाजूला केलं, आणि शेंदरी दगडाच्या शेजारनं सरळ डोहात घुसला. देवीच्या घरात.

"थांब!" वरून कुशाबा ओरडला. हातातली घंटा तशीच घेऊन तो काठानं खाली धावत आला. "थांब पोरी! गळ हद्दीत आला! तोड, दोरी तोड!"

सगळं गाव काठावर गोळा झालं. गाव म्हणजे सात माणसं, पण झाली गोळा.

रेश्मा जागच्या जागी उभी राहिली. दोरी तिच्या हातातनं निघून दगडावरून वर डोहात गेली होती, आणि तिच्या टोकाला, कपारीखाली, तो बसला होता. ती ओढत नव्हती. पण दोरी ढिलीही पडू देत नव्हती. काटा नसलेला गळ, ढील पडली की गळून जाणार. दोन बोटांत दोरी धरून ती उभी होती आणि तिच्या डोळ्यांपुढं पहाटेची जीप दिसत होती.

"बाबा, मी ओढत न्हाई," ती म्हणाली. "पर तोडायला सांगू नका."

"रीत म्हंजी रीत," कुशाबा म्हणाला. "हद्दीत गळ चालत न्हाई."

"गळ कुटं हाय?" सारजाबाई पुढं आली. "गळ माशाच्या तोंडात हाय. मासा देवीचा हाय. तो आपल्या घरी आला. आता घरी येताना त्यानं तोंडात काय आणलं, हे तू इचारणार व्हय कुशाबा?"

"सारजे, शब्दात पकडू नगंस. ओढला तर देवीच्या घरातनं ओढल्यागत व्हईल."

"बरोबर," इंद्रजित म्हणाला. "रीत पाळायलाच पायजे." आठ दिवसांत त्याला रीत पहिल्यांदाच आठवली होती.

सारजाबाईनं नदीकडं बघितलं. पाणी चढत होतं. शेंदरी दगडाच्या पायथ्याला लागलं होतं, वर सरकत होतं. मग तिनं कुशाबाकडं बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. रेश्मानं पाच वर्षांत ते लुकलुकणं ओळखायला शिकून घेतलं होतं. ते दिसलं की समजायचं, आता म्हैस नदी ओलांडणार.

"कुशाबा," सारजाबाई एकदम नरम आवाजात म्हणाली, "दगुड बुडला की हद्द उठती, ती रीत पाळतोस का न्हाई तू?"

कुशाबा थबकला. "कंची?"

"अरं, कंची काय? दगुड पाण्याखाली गेला की देवी डोळं मिटती. दगुड दिसंना, तवर नदी समद्यांची. तुझा आज्जाच सांगायचा की. तुला सांगितली न्हाई का त्यानं?" तिनं बायकांकडं वळून मान हलवली. "न्हाई सांगितली वाटतं. लहान असंल तवा. कच्चा ऱ्हायला बिचारा."

आता कुशाबाची गंमत अशी, की तालुक्यातली अशी एक रीत नव्हती जी त्याला ठाऊक नाही. कुणाच्या लग्नात कुठल्या बाजूनं हळद आधी लागते इथपासून कुठल्या देवाला कुठलं पान चालत नाही इथपर्यंत. चाळीस वर्षं तो हेच सांगत आला होता. आणि समोर चार बायका, एक पुण्याचा साहेब आणि मोबाईलवर व्हिडिओ काढणारा इंद्रजित.

"ठाऊक न्हाई कशी?" कुशाबा घसा खाकरत म्हणाला. "ठाऊकच हाय. मीच सांगणार व्हतो."

"मग किती बुडाया लागतो दगुड?"

"समदा," कुशाबा म्हणाला. आता रीत ठाऊक होती म्हटल्यावर ती कडकच पाहिजे. "शेंडा दिसता कामा नये. अन् तवर दोरीला हिसका न्हाई. एकबी."

मग सुरू झालं वाट बघणं. अशी वाट वाडीनं निवडणुकीच्या निकालाचीही बघितली नव्हती. पाणी रेश्माच्या मांडीला आलं. "बाहेर या रेश्माताई," विश्रामसाहेब काळजीनं म्हणाले. "मासा गेला तर गेला, काठावर या." तीही एक-एक पाऊल मागं सरत काठाच्या पायरीवर चढली, काठी डोक्यावर उंच धरून, दोरी तशीच दोन बोटांत. खाली तो हलला की तिला कळायचं. एवढासा ठोका, पोटातल्या लेकराचा लागावा तसा. आहे. अजून आहे.

दगडाचा निम्मा शेंदूर बुडाला. मग त्यावर बसवलेले देवीचे चांदीचे डोळे बुडाले.

"शेंडा दिसतोय," इंद्रजित म्हणाला.

"तू व्हिडिओ काढ," सारजाबाई म्हणाली.

पाणी शेंड्याला चाटून गेलं, परत उघडं पडलं. परत चाटलं. "बुडला!" एक बाई म्हणाली. "न्हाई, दिसतोय!" इंद्रजित. "बुडला!" "दिसतोय!" रेश्माचं बोट दुखायला लागलं, दोरी कातडीत रुतली होती. सगळे कुशाबाकडं बघायला लागले. कुशाबा खाली वाकला, हात डोळ्यांवर धरला, आणि एवढा वेळ बघत राहिला की त्या वेळात भात रोवून कापून झाला असता.

मग त्यानं घंटा उचलली आणि दणादण वाजवली.

"बुडला! हद्द उठली! ओढ पोरी!"

रेश्मानं काठी कलती केली आणि पहिल्यांदा जोर लावला. डोहात काहीतरी मोठं वळलं. खडस बाहेर आला, बुडलेल्या दगडावरून, भरल्या पाण्याबरोबर खाली. आता पाणी त्याच्या नाही, तिच्या बाजूनं होतं. तिनं त्याला काठाच्या बुडलेल्या गवतात वळवलं, जिथं ओढ कमी होती. काठी बगलेत धरली. वाकली. एक हात शेपटाच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली.

धरला.

किती मोठा होता? रेश्माच्या कोपरापासून पार पलीकडच्या कोपरापर्यंत. विश्रामसाहेब म्हणाले, बारा किलो. बायका म्हणाल्या, सोळा. सारजाबाईनं आकडा सांगायलाच नकार दिला. म्हणाली, माणसं घाबरतील. एक एक खवला रुपयाएवढा, कडेला तांबूस. तोंडाच्या कोपऱ्यात थर्माकोलचा चुरमुरा, मोत्यासारखा.

रेश्मानं तो बोटानं नुसता मागं दाबला, गळ सुटला. तिनं माशाचं तोंड प्रवाहाकडं केलं आणि धरून ठेवलं. कल्ले उघडले, मिटले. उघडले, मिटले. मग तिच्या हाताला असा काही झटका बसला की ती गवतात बसकण मारून खाली बसली, आणि तो गेला. गार पाण्यात सोनेरी रेघ, मग तीही नाही.

"जिवंत सोडला!" विश्रामसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. "हातात धरून, जिवंत! काम तुमचं, रेश्माताई!"

रेश्मा गवतात बसून हसायला लागली. हसता हसता तिला हुंदका आला, आणि हुंदका मधेच सोडून परत हसू आलं.

"एक मिनिट, एक मिनिट," इंद्रजित पुढं आला. "काकी, ही रीत कवापासनं हाय? मी तर कधी ऐकली न्हाई."

"मला काय इचारतो?" सारजाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली. "कुशाबाला इचार. त्यानंच आत्ता सांगितली."

"माझ्या आज्ज्याच्या आज्ज्यापासनं हाय," कुशाबा ठसक्यात म्हणाला. "तुमी पोरं गावात ऱ्हात न्हाई, तुमाला काय ठावं? उद्या पाटीच लावतो दगडापाशी."

सव्वाअकरा झाले होते. रेश्मानं ओल्या हातानंच मोबाईल काढला. स्क्रीन बोटाला दाद देईना, तिनं तो सासूच्या पदराला पुसला आणि नलिनीताईंना लावला.

"ताई, रेश्मा बोलतीया. उद्यापासनं न्हाई जमायचं मला."

"का गं? घरी बसून काय करणार आहेस?"

"बसायला कुटं येळ हाय ताई?" रेश्मा म्हणाली. साडीतनं पाणी गळत होतं, पण आवाज असा की पलीकडच्या काठावर ऐकू जावा. "शनिवारी मुंबईची आठ माणसं यायचीत. त्यान्ला आधी पाण्यात उभं ऱ्हायला शिकवायचंय. आन् आत्ता बालवाडी सुटती, लेकीला आणायला जायचंय. ठेवते!"

फोन ठेवला तो साहेबांच्या खुर्चीत, चप्पल हातात घेतली, आणि ओली साडी तशीच उचलून ती चढण पळत सुटली.